सानियाचं सासर सोडून पण तिथे टेनिस आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगतो. कापायचं असेल तर सुरवातीचं कापा, मधलं कापू नका.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत शेजारच्या देशांमधल्या खेळांवर एक पान होतं. पान छान होतं, नेपाळच्या क्रिकेटबद्दल वाचून मजा आली. पण कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, पाकिस्तानातल्या बायकांच्या टेनिसबद्दल, त्यात चारच ओळी होत्या आणि त्या चार ओळींचा अर्थ एवढाच की तिथे या खेळात काही नाही, त्यांची टेनिसशी ओळख म्हणजे आपली सानिया तिकडे सून म्हणून गेली तेवढीच. माझ्या दुकानात सकाळी खेळायला येणारी पोरं असतात त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसली. मी पण आधी हसलो, खोटं कशाला बोलू, पण नंतर दिवसभर रॅकेट विणताना ते डोक्यातून जाईना.

माझी ओळख म्हणजे मी सांगलीत गटिंग करतो. रॅकेटला जाळी विणायचं काम, टेनिस बॅडमिंटन दोन्ही. तीस वर्षं होत आली. त्यातली अकरा वर्षं, २००१ ते २०१२, शारजात एका स्पोर्ट्सच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर काढली. स्वतः कधी धड खेळलो नाही, गुडघा लहानपणीच गेला, पण रॅकेट बघून खेळणारा कसा आहे, घरात पैसे कसे आहेत आणि कोच खरा आहे का थापाड्या हे मला बऱ्यापैकी कळतं. त्या भरवशावर लिहितोय.

पहिली गोष्ट, सानिया पाकिस्तानची खेळाडू कधीच नव्हती. २०१० च्या एप्रिलमध्ये हैदराबादला तिचं शोएब मलिकशी लग्न झालं, त्यानंतर पण ती २०२३ ला रिटायर होईपर्यंत भारताकडूनच खेळली, २०१५ ला डबल्समध्ये जगात एक नंबर झाली ती भारताची म्हणून. आता तर ते लग्न पण राहिलं नाही. त्यामुळे पाकिस्तानच्या टेनिसच्या चौकटीत तिचं नाव टाकणं म्हणजे शेजारच्या घराबद्दल लिहायला बसायचं आणि आपल्याच मुलीचा फोटो लावायचा असं झालं. तिकडच्या ज्या पोरी खरंच खेळल्या त्यांचं एक नाव नाही तुमच्या चार ओळीत.

नावं आहेत. उशना सुहैल घ्या. लाहोरची, १९९३ चा जन्म. फेड कप म्हणजे देशादेशांच्या बायकांच्या टीमची स्पर्धा, आता ज्याला बिली जीन किंग कप म्हणतात, त्यात वर्षानुवर्षं पाकिस्तानकडून खेळली, तिथली राष्ट्रीय चॅम्पियन अनेकदा झाली. दुसरी सारा महबूब खान, लग्नानंतर सारा इब्राहिम खान. तिथल्या नॅशनलच्या बातम्या बघितल्या तर फायनलला बऱ्याचदा याच दोघी समोरासमोर. दहा बारा वर्षं त्याच दोन मुली एकमेकींशी फायनल खेळतायत याचा अर्थ दोघी चांगल्या आहेत हा एक झाला, आणि मागून येणाऱ्यांची रांग लांब नाही हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. पण रांग का लांब नाही हे तुमच्या चौकटीत कुणी विचारलंच नाही.

आमच्या दुकानातल्या पोरांना एक स्कोर पाठ आहे. २०२३ ची हांगझोऊची एशियन गेम्स, मिक्स डबल्स, आपले युकी भांबरी आणि अंकिता रैना विरुद्ध त्यांचे अकील खान आणि सारा. ६-०, ६-०. डबल बेगल म्हणतात याला, दोन्ही सेटमध्ये एक गेम पण नाही. त्यावर व्हॉट्सअपला काय काय फिरलं ते सांगत बसत नाही. अकील तेव्हा ४३ वर्षांचा होता हे मात्र त्यात कुणी लिहिलं नव्हतं. त्याच स्पर्धेत त्याच मिक्स डबल्सला आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर गोल्ड मिळवलं, आपल्या श्रीरामपूरची मुलगी, आम्ही दुकानात पेढे वाटले होते. आता मी काय म्हणतो ते नीट बघा. ऋतुजाचं कौतुक करताना आपण तिची मेहनत बघतो, आणि ती आहेच, पण ऋतुजाला पुण्यात, सोलापुरात, नवी मुंबईत, नागपुरात बायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा घरबसल्या मिळाल्या हे आपण धरतच नाही. साराला घराजवळ असलं काय मिळालं?

हे जरा समजावून सांगतो कारण पेपरात हे कधी येत नाही. मुलगी नॅशनल चॅम्पियन झाली म्हणून तिला जागतिक रँकिंग मिळत नाही. त्यासाठी आयटीएफच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, सगळ्यात खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरवाली. ते १५ हजार सगळे मिळून बरं का, एकीला नाही. पहिल्याच फेरीत हरलात तर हातात येतात दीडशे डॉलरच्या आसपास, त्यातून टॅक्स. रँकिंगच्या यादीत नाव यायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये तरी पॉइंट लागतात नाहीतर एकूण दहा पॉइंट तरी. आता या स्पर्धा कुठे होतात तर तुर्कस्तानात अंताल्याला, ट्युनिशियात, इजिप्तला, तिथे आठवड्यामागून आठवडे चालू असतात. विमान, हॉटेल, जेवण, बरोबर आई नाहीतर बाबा, आणि गटिंग. गटिंगचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. स्पर्धेच्या ठिकाणचा स्ट्रिंगर एका रॅकेटला पंधरा वीस डॉलर नुसती मजुरी घेतो, गट म्हणजे जाळीची तार, तिचे पैसे वेगळे. मॅचला निदान दोन रॅकेट ताज्या विणलेल्या पाहिजेत. म्हणजे पहिली फेरी हरलेल्या पोरीचे दीडशे डॉलर माझ्यासारख्याच कुणाच्या तरी खिशात जातात अर्धे.

घराजवळ स्पर्धा असली की हे सगळं गणित बदलतं. आमच्या सांगलीची मुलगी मिरजेहून गाडीत बसते आणि सोलापूरला उतरते, डबा घरचा, आत्याकडे मुक्काम. आणि यजमान देशाला वाइल्ड कार्ड असतात, म्हणजे रँकिंग नसलं तरी घरच्या दोन चार मुलींना थेट ड्रॉमध्ये घालता येतं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे, २०१४ च्या एशियन गेम्सला सानियाबरोबर ब्राँझ घेऊन आली, ती काय आभाळातून पडली नाही. आणि फायदा नुसता खेळण्याचा नाही, बघण्याचा पण आहे. २०१७ ला मुंबईत सीसीआयच्या म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर एक उंच मुलगी जिंकून गेली, तेव्हा तिचं नाव उच्चारता येत नव्हतं लोकांना, सबालेन्का. सहा वर्षांनी ती जगात एक नंबर. माझ्याकडे येणारा एक मुलगा तेव्हा तिथे बॉलबॉय होता, अजून सांगत असतो की तिच्या सर्विसचा आवाज कसा यायचा. सानियाने पण २००५ ला डब्ल्यूटीए म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टेनिसचं पहिलं सिंगल्स टायटल जिंकलं ते कुठे, हैदराबादला, स्वतःच्या गावात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये म्हणजे २०२५ ला बालेवाडीला बिली जीन किंग कपचा आशिया ओशनिया ग्रुप एक झाला, मी खास गेलो होतो, श्रीवल्ली भमिदीपाटी पाचच्या पाच सिंगल्स जिंकली आणि आपण प्ले ऑफला गेलो, घरच्या लोकांचा आरडाओरडा म्हणजे काय असतो ते तिथे बघावं.

आता लाहोरला या. ३ मार्च २००९, गद्दाफी स्टेडियमकडे जाणाऱ्या श्रीलंकेच्या बसवर हल्ला झाला. आपल्याला ते क्रिकेटचं म्हणून आठवतं. उशना तेव्हा त्याच शहरात पंधरा वर्षांची होती. टेनिसमध्ये पंधरा हे वय म्हणजे दहावीचं वर्ष समजा, जे काय व्हायचं ते तेव्हाच ठरतं. आणि तेव्हाच बाहेरचं कुणी तिकडे यायला तयार नाही. टेनिसला तर ही साडेसाती आधीपासूनची, डेव्हिस कपच्या पुरुषांच्या घरच्या लढती २००५ नंतर बंद त्या २०१७ ला इराणची टीम इस्लामाबादला आली तेव्हा चालू झाल्या, बारा वर्षं. त्याच वर्षी हाँगकाँगने यायला नकार दिला. आपण २०१९ ला म्हणालो येणार नाही तर मॅच कझाकस्तानात नेली. जिथे पुरुषांच्या टीमला स्वतःच्या अंगणात खेळता येत नव्हतं तिथे पोरींच्या १५ हजारवाल्या स्पर्धेला कोण विचारतो.

यात तिथल्या लोकांचा दोष नाही असं मी म्हणत नाही. दहशतवाद पोसला कुणी, बसवर गोळ्या त्यांच्याच रस्त्यावर झाडल्या. त्याआधी लष्करशहा झिया उल हक यांचं राज्य होतं, १९७७ ते ८८, तेव्हा बायकांनी पुरुषांच्या समोर मैदानात उतरायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. एक पिढी त्यात गेली. पण पंधरा वर्षांच्या मुलीने यातलं काय केलं होतं?

आता माझं स्वतःचं सांगतो.

शारजात आमच्या दुकानात पाकिस्तानी गिऱ्हाईक भरपूर. मला नावाने कुणी हाक मारायचं नाही, उस्ताद, उस्तादजी. कारागिराला तिकडे तसंच म्हणतात, मला सुरवातीला लाज वाटायची, नंतर आवडायला लागलं. एक कुटुंब होतं, वडील कुठल्यातरी कंपनीत हिशेबाचं काम करायचे, मूळचे लाहोरचे, आणि मुलगी तेरा चौदाची असेल पहिल्यांदा आली तेव्हा. नाव लिहीत नाही, आता ती कुठेतरी संसारात असेल. पहिल्या दिवशी वडिलांनी रॅकेट पुढे केली, मधली एक उभी तार तुटलेली. म्हणाले, "उस्तादजी, बाकी सब तो ठीक है, बस ये एक जोड दीजिए." मी आधी कात्री घेतली आणि सगळी जाळी कापली. ते बिचारे एकदम पांढरे पडले. त्यांना वाटलं हा माणूस पैशासाठी कापतोय. मग समजावलं की एक तार तुटली की उरलेल्या ताणाने फ्रेम एका बाजूला ओढली जाते, तशीच ठेवली तर वाकते, म्हणून तुटली की लगेच सगळी कापायची, जोडकाम यात चालत नाही. मुलगी शांतपणे म्हणाली, "मैंने कहा था ना अब्बू." तिला माहिती होतं. तिने घरी सांगितलं पण होतं, पण चाळीस दिरहमचं गट, वर मजुरी, हे महिन्याला दोनदा कुणाला परवडतं.

तिच्या रॅकेटची फ्रेम बरी होती पण जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, आणि वरच्या बाजूचे तीन चार ग्रोमेट फुटलेले. ग्रोमेट म्हणजे तार जिथून जाते ती प्लॅस्टिकची नळी, ती फुटली की तार फ्रेमच्या कडेला घासून चार दिवसात तुटते, मग तुम्ही कितीही भारी गट घाला. त्या मॉडेलचे ग्रोमेट मिळत नव्हते, कंपनीने बंद केलेलं मॉडेल. मी समोरच्या मेडिकलमधून सलाईनची बारीक नळी आणली, तिचे छोटे तुकडे करून फ्रेमच्या भोकात बसवले. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे, कुणाला सांगू नका. त्या रॅकेटवर ती पोरगी अडीच वर्षं खेळली. तारांचा ताण ५४ पौंडांवरून मी ४८ वर आणला, म्हटलं गट जास्त टिकेल आणि खांदा पण टिकेल. टॉपस्पिन असा मारायची की मधल्या तारांवर खाचा पडायच्या, नखाने हात लावला तर कळायच्या, आणि खाचा कुठे पडल्यात त्यावरून मला दिसायचं की बॉल दर वेळी बरोबर मध्यावर लागतोय. असली रॅकेट वर्षात एखादीच येते हातात. खाली टाइट्स, वरून स्कर्ट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, शारजाच्या उन्हात. तिचं तिला काही वाटायचं नाही. आपल्याकडे पण २००५ ला सानियाच्या कपड्यांवरून मौलवी बोललेच होते, त्यामुळे हे त्यांचंच म्हणायला जागा नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती लाहोरला आजोळी जायची. आल्यावर मी विचारायचो काय खेळलीस, कुठे खेळलीस. एकदा म्हणाली मामूच्या क्लबात मुलींना कोर्ट दुपारी एक ते तीन देतात. जूनमध्ये. लाहोरला. मी म्हटलं का गं, तर म्हणाली बाकीच्या वेळेला अंकल लोकांचं डबल्स असतं. हे ऐकून मला राग यायला पाहिजे होता पण मला हसू आलं, कारण आमच्या इकडच्या जिमखान्यांमध्ये वेगळं काय चालतं, संध्याकाळी सहाला पोरगी कोर्टवर असली की काका लोक जाळीपाशी येऊन घड्याळ बघत उभे राहतात. फरक एवढाच की आपली पोरगी तिथून निघून दुसऱ्या ॲकॅडमीत जाऊ शकते.

त्या काळात ऐसाम उल हकचं नाव होतं. तुम्हाला आठवत असेल, २०१० ची यूएस ओपन, आपला बोपण्णा आणि त्यांचा ऐसाम, इंडो पाक एक्सप्रेस म्हणायचे, फायनलला ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हरले. तारीख मला पाठ आहे कारण १० सप्टेंबर, आमच्याकडे शारजात त्या दिवशी ईद आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. खोलीवर आम्ही पाच जण, तीन रत्नागिरीचे, नारळ खवत बसलेलो, आणि शेजारच्या खोलीतले पेशावरचे दोघे शीरखुर्मा घेऊन आले ते मॅच संपेपर्यंत हललेच नाहीत. न्यूयॉर्कला स्टँडमध्ये दोन्ही देशांचे युनोमधले राजदूत शेजारी शेजारी बसलेले टीव्हीवर दाखवत होते. हरलो तेव्हा खोलीत सगळेच हरले.

दोन दिवसांनी ती मुलगी आली, ईदीच्या पैशातून नवीन ग्रिप घ्यायला. मी म्हटलं बघितलीस का मॅच. म्हणाली हो, आणि मग म्हणाली, "उस्तादजी, ऐसाम भाई की अम्मी भी नंबर वन थीं, पता है?" मला पत्ता नव्हता. ऐसामची आई नोशीन एहतेशाम, त्यांच्या काळातल्या पाकिस्तानच्या एक नंबरच्या खेळाडू. आणि नोशीनबाईंचे वडील ख्वाजा इफ्तिखार अहमद, फाळणीआधीच्या भारतातले चॅम्पियन. म्हणजे ज्या ऐसामला आपण सगळे ओळखतो त्याच्या घरात टेनिस आलं ते आजोबांकडून आईकडे आणि आईकडून त्याच्याकडे. आजोबा माहिती, नातू माहिती, मधली बाई कुणाला माहिती नाही. तुमच्या चौकटीत पण नाही. या मुलीला मात्र ती बाई माहिती होती, कारण तिला स्वतःसाठी कुणीतरी हवं होतं.

इकडे परत आल्यावर मी वाचलं की आपल्याकडे पण अशीच जोडी होऊन गेली, क्षमाबाई राव, संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता, मराठी घरातल्या, स्वतः टेनिस खेळायच्या आणि त्यांची मुलगी लीला राव १९३४ ला विम्बल्डनला मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई. किती मराठी लोकांना माहिती आहे सांगा. तेव्हा दुसऱ्यांना हसण्याआधी आपण पण बघावं. असो, विषय भरकटला.

त्या मुलीचं पुढे काय झालं तर काही झालं नाही. सतरा अठराची झाली, एकदा तिकडे जाऊन स्पर्धा खेळून आली, दुसऱ्या फेरीत हरली. वडिलांनी अंताल्याच्या तीन आठवड्यांचा हिशेब काढला होता, कागद मला दाखवला, त्यांचंच काम ते, अगदी व्यवस्थित रकाने पाडून, व्हिसा, तिकीट, हॉटेल, जेवण, गटिंग, आणि खाली बेरीज. बेरजेखाली दोन रेघा मारल्या होत्या. ते गेले नाहीत. ती कॉलेजला लागली. मी २०१२ ला शारजा सोडायच्या आधी शेवटची आली तेव्हा रॅकेट ठेवून म्हणाली, "इस बार सस्ता वाला डाल दीजिए, अब बस खेलना है." मी महागाचंच घातलं आणि पैसे स्वस्ताचे घेतले, मालकाला कळलं नाही. सलाईनची नळी अजून तशीच होती.

म्हणून मला उशना आणि साराबद्दल जास्त वाटतं. त्या थांबल्या नाहीत. तिथे खेळाडूला आधार म्हणजे आपल्या रेल्वे, ओएनजीसीसारख्या सरकारी खात्यांच्या टीम, वापडा म्हणजे तिथलं पाणी विजेचं खातं वगैरे, त्यातून पगार. २०२१ ला इमरान खानने, जो स्वतः खेळाडू, या खात्यांच्या टीमच बंद करायला लावल्या. पुढच्या वर्षी सरकार बदललं तेव्हा परत चालू केल्या, पण मधल्या काळात किती जणांची नोकरी गेली आणि किती जणींनी रॅकेट टांगली याचा हिशेब कोण ठेवतो. आपल्याकडे अंकिता रैनाची नोकरी अशी काढून घेतली असती तर आपण पेपर डोक्यावर घेतला असता, आणि घ्यायलाच पाहिजे.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपली डेव्हिस कपची टीम साठ वर्षांनी पाकिस्तानात गेली, इस्लामाबादला, ग्रासकोर्टवर, ४-० जिंकून आली. त्यांच्याकडून सिंगल्सला कोण उतरलं तर ऐसाम ४३ आणि अकील ४४. तुम्ही त्या वेळी मोठी बातमी केली होती, मी कात्रण ठेवलंय. त्याच इस्लामाबादला त्यानंतर आठवडा दीड आठवड्यात ज्युनिअर मुलींची आयटीएफ स्पर्धा होती, त्यासाठी कराचीहून आलेली झैनब अली नक्वी, वय १७, प्रॅक्टिस करून खोलीवर गेली आणि तिथेच कोसळली, गेली. दीड आठवड्यापूर्वी तुमच्या पेपरात इस्लामाबादच्या टेनिसला पाच कॉलम होते, झैनबला एक ओळ पण आली नाही, मी सगळी पानं उलटून बघितली. मी तक्रार करतोय असं समजा हवं तर.

काही वाचक म्हणतील पहलगाम झालं, एवढी माणसं मारली, आणि हा बाबा पाकिस्तानच्या पोरींचं काय घेऊन बसलाय. मला राग आहेच. माझा मावसभाऊ फौजेत होता. त्यांना व्हिसा द्या, इकडे खेळायला बोलवा असलं मी काही म्हणत नाहीये, ते दिल्लीवाले बघतील. हस्तांदोलन करायचं का नाही त्यावर पण मला पत्र लिहायचं नाही, त्यावर खूप लोकं लिहितायत. मी एवढंच म्हणतोय की तुम्ही चौकट छापली, तर बरोबर छापा. तिथे काही नाही असं छापलंत ते चूक आहे. तिथे फार थोडं आहे, आणि ते थोडं ज्यांनी टिकवलं त्या दोन तीन बायकांची नावं आहेत. लाहोरहून अमृतसर पन्नास किलोमीटर, म्हणजे आमच्या सांगलीहून कोल्हापूर. त्यापुढे दिल्ली, तिथे बायकांच्या आयटीएफ स्पर्धा होतात. आमची पोरगी एसटीने जाईल तेवढ्या अंतरावर स्पर्धा, आणि उशनाला ती विमानाने तुर्कस्तानात जाऊन शोधायची. का जायचं त्याची कारणं असतील, खरी असतील, पण मग रँकिंगचा आकडा छापताना ते अंतर पण छापा.

जमलं तर एवढं करा. पाकिस्तानची पुढची नॅशनल झाली की बायकांच्या फायनलचा स्कोर खेळाच्या पानावर दोन ओळीत टाका. श्रीलंकेचा, बांगलादेशचा पण टाका. जागा नाही म्हणू नका, सट्टा लावायच्या ॲपच्या जाहिरातीला अर्धं पान असायचं.

आणि एक राहिलंच. त्या चौकटीत टेनिस म्हणून जे चित्र छापलंय त्यातली रॅकेट बॅडमिंटनची आहे. दांडा बघा.

आपला नियमित वाचक,
एक गटिंगवाला,
विश्रामबाग, सांगली